काय म्हणतोस, अरागोज?

मित्रांनो, माझ्या काचपेटीखाली एक चिठ्ठी डकवलेली आहे. तिच्यावर लिहिले आहे : ‘शिट्टी. पत्रा. जुनी. वापरात नाही.’ चार विधाने, त्यांपैकी दोन खरी. मी पत्र्याची आहे आणि मी जुनी आहे. शिट्टी मी कधीच नव्हते. आणि वापरात नसण्याबद्दल म्हणाल, तर या सरकारी संग्रहालयाच्या खोलीत कोणी कोणाला नावे ठेवू नयेत. ती चिठ्ठी लिहिणारे कारकून रोज अकरा वाजता येतात, खुर्चीला आपला कोट घालतात आणि चहाला जातात. पुढे दिवसभर कोटच काम पाहतो.

माझे खरे नाव अमाना. तुम्ही अमानत म्हणता ना, कोणीतरी विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू, तेच.

मला नीट पाहायचे तर नाक काचेला टेकवावे लागेल. अंगठ्याच्या नखाएवढे पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ताणून बसवलेली कापडाची फीत, वरून घट्ट गुंडाळलेला दोरा. संपला माझा संसार. पण कैरोच्या गल्ल्यांत आणि नाईलकाठच्या उरुसांत जो लाल झग्याचा, उंच टोपीचा लाकडी बाहुला पन्नास वर्षे नाचला, ज्याने सासूला झोडपले, हवालदाराला झोडपले, औषध द्यायला आलेल्या डॉक्टरला तर औषध घेण्याआधीच झोडपले, त्या अरागोजचा आवाज म्हणजे मी. बाहुल्याला हात देतो माणूस. आवाज देते मी. निदान माझा तसा समज होता. तो कसा फिटला, हीच माझी गोष्ट.

मला घडवले उस्ता दसूकी यांनी. आमच्याकडे न्हाव्यालाही उस्ता म्हणतात आणि गवंड्यालाही, पण बाहुलेवाल्याला ते नाव सहजासहजी मिळत नाही. उस्तांनी तिळाच्या हलव्याचा डबा रिकामा होण्याची वाट पाहिली. वाट लवकर संपावी म्हणून हलवाही स्वतःच संपवला. झाकणातून माझे दोन तुकडे कापले, उंबऱ्याच्या दगडावर घासून कडा बोथट केल्या आणि मधली फीत बायकोच्या डोक्याच्या रुमालातून काढली. विचारून काढली असे कोणी म्हणत नाही. त्या दिवशी घरात जो आवाज झाला, तो मी ऐकलेला पहिला आवाज. तेव्हापासून मोठ्या आवाजाचे मला भय वाटत नाही.

माझे काम कसे चालते ते सांगते. उस्ता कापडी खोपटात उभा राहतो. डोक्यावर त्याचे दोन हात, हातांत दोन बाहुले. मला जिभेने टाळूला चिकटवायचे आणि बोलायचे, की अरागोजचा तो किनरा, चिरका, पोरांना वेड लावणारा आवाज निघतो. दुसऱ्या बाहुल्याची पाळी आली की मला जिभेनेच गालात ढकलायचे आणि साध्या गळ्यातून बोलायचे. टाळू, गाल, टाळू, गाल. एका खेळात चारशे वेळा. माझ्या आवाजातले शब्द थोडे फाटके येतात, म्हणून खोपटाबाहेर खंजिरी घेऊन एक जोडीदार उभा असतो. तो विचारतो, “काय म्हणतोस, अरागोज?” आणि मग अरागोज तेच पुन्हा म्हणतो, अधिक चावटपणे. बाहेरचा माणूस नसेल तर आतला माणूस म्हणजे भिंतीशी बोलणारा वेडा.

आमच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला असा, की अमाना तोंडात नसताना अरागोजने कधीही बोलायचे नाही. उस्ता दसूकी म्हणत, “बाहुला माणसाच्या आवाजात बोलला की त्याचं लाकूड होतं, आणि आत उभा असलेला माणूस भर बाजारात नागडा होतो.” दुसरा नियम कोणी शिकवत नसे, पण सगळे पाळत. एकदा तरी अमाना गिळल्याशिवाय माणूस उस्ता होत नाही. उस्ता दसूकींनी मला तीनदा गिळले. तिन्ही वेळा मी परत आले. कशी आले ते विचारू नका. मी धुतलेली आहे, एवढे सांगते.

त्यांना दोन मुलगे. थोरला सलामा, धाकटा शेहाता. सलामा आठ वर्षांचा असताना त्याने मला बापाच्या डबीतून चोरले, तोंडात घातले आणि छपरावर जाऊन फुंकले. आवाज निघाला तो बदकाचा. शेजारच्या छपरावरची खरी बदके उत्तर द्यायला लागली. बापाने कान पिळला तेव्हा सलामा म्हणाला, “मला नकोच ती. मी बाहेर उभा राहीन. बाहेर हवा तरी असते.” तो एकच श्वास मी त्याचा चाखला. लसणाचा होता. श्वास मी विसरत नाही, मित्रांनो. माझ्याकडे स्मरणशक्ती म्हणून दुसरे काही नाहीच.

शेहाता मात्र आत उभा राहण्यासाठीच जन्माला आला होता. खोपटाबाहेर त्याला चहावाल्याकडे साखर मागवत नसे. बिनसाखरेचा पिऊन घरी येई. खोपटात शिरून मला टाळूला लावले, की तोच माणूस उरुसाच्या फौजदाराला तोंडावर गाढव म्हणे आणि फौजदार सगळ्यांत मोठ्याने हसे. उस्ता दसूकींनी शेवटच्या आजारात मला स्वतःच्या तोंडातून काढून त्याच्या तळहातावर ठेवले. म्हणाले, “अमाना आहे. मिरवायला नाही दिली. पुढं द्यायला दिली.”

शेहाताने पहिल्याच दिवशी मला एक लाल दोरा बांधला आणि त्याचे दुसरे टोक सदऱ्याच्या गुंडीला अडकवले. मी घशात जाऊ नये म्हणून. बावीस वर्षे तो दोरा सुटला नाही, आणि बावीस वर्षे सलामाने त्याला सोडले नाही. प्रत्येक खेळाआधी खंजिरी वाजवून तो विचारी, “उस्ता, दोरा नीट बांधलास ना? नाहीतर आवाज पळून जायचा, आणि तुझ्यापेक्षा बऱ्या माणसाकडं राहायचा!” इतर बाहुलेवाले शेहाताला ‘दोरीवाला’ म्हणत. मनापासून उस्ता कोणी म्हणत नसे.

दोघे भाऊ एकाच घरात राहत, शेहाता खाली, सलामा वर. शेहाताचे लग्न झाले नाही. मुलीकडे बोलणी करायची तर मला तोंडात घालून जाता येत नव्हते. जेवण वर, वहिनीच्या हातचे. वहिनी म्हणजे सलामाची बायको नगफा. ती उरुसांत तुरमुसाचे खारवलेले दाणे विकत असे. आमच्या खोपटाशेजारी तिची हातगाडी, वीस वर्षे त्याच जागी. आमचा एकूण एक खेळ तिला पाठ होता आणि एकही आवडत नव्हता. “तेच ते,” ती म्हणे. “सासूला मारा, हवालदाराला मारा. कधी तुझं स्वतःचं काही सांग की, भावजी.” शेहाता लगेच मला टाळूला लावून अरागोजच्या आवाजात म्हणे, “मी फार सुंदर आहे, वहिनी, पण कुणाला सांगू नका!” आणि ती डाव फेकून मारी.

आमचा गाजलेला खेळ भुताचा. अरागोज दारात बसून गात असतो. मागून पांढरे भूत येते. अरागोज विचारतो, “माझ्या मागं कोण आहे?” सलामा म्हणतो, “कोणी नाही रे, तुझी सासू असेल.” पोरे किंचाळतात, “भूत! भूत! मागे बघ!” शेवटी अरागोज काठी घेतो आणि भुताची कणीक तिंबतो. भुताचा झगा नगफानेच शिवला होता, सलामाच्या लग्नातल्या पांढऱ्या गलाबियाचा.

“लग्नातला झगा भुताला?” सलामा ओरडला होता.

“मग काय झालं?” ती म्हणाली होती. “त्यातला नवरदेव तरी कुठं शिल्लक आहे?”

सलामा हिवाळ्यात गेला. मूत्रपिंडाचा आजार, दोन महिने, संपले. दफन करून लोक परतले, तेव्हा शेहाताने डबी उघडली आणि मला गालात ठेवले. कोणी लवंग ठेवतो, कोणी तंबाखू. त्याने मला ठेवले. मी गालात असले की त्याच्या जिभेला काम असे, आणि जिभेला काम असले की रडू घशाखाली राही. हे मला ठाऊक होते. त्यालाही असावे.

गल्लीत कापडी मांडव घातला होता. कुराणपठण चालू होते, कडू कॉफीचे पेले फिरत होते. शेहाता मांडवाच्या तोंडाशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता. तोंडातून शब्द नाही. लोक एकमेकांत म्हणाले, बिचारा दुःखाने मुका झाला. तीन तास तो मुका राहिला. मग वहिनीला दोन शब्द बोलायला म्हणून जिना चढला. आमच्याकडे अशा वेळी म्हणायचे एकच वाक्य आहे : त्याचं उरलेलं आयुष्य तुझ्या वाट्याला येवो. त्यावर उत्तरही ठरलेले : आणि तुझ्याही. एवढे झाले, की मेलेला माणूस सुटतो आणि जिवंत माणसे एकमेकांची होतात.

वरच्या खोलीत काळ्या कपड्यांतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्ये नगफा. शेहाताने तोंड उघडले. जीभ सरकली, आणि मी... मित्रांनो, मी पत्रा आहे. मला जिथे ढकलतात तिथे मी जाते. मी टाळूला चिकटले.

“त्याचं उरलेलं आयुष्य...” अरागोज म्हणाला.

ते किनरे, चिरके शब्द त्या खोलीत असे फिरले, की मला आजही ते ऐकू येतात. कोणाचे तरी लहान मूल खुदकन हसले. मग एक म्हातारी हसली, कारण साठ वर्षे तो आवाज ऐकून हसायची तिला सवय होती. हसता हसता तिने स्वतःच्या तोंडावर हात मारला. मग कोणीच हसले नाही.

नगफा उठली नाही. बसूनच म्हणाली, “जा.”

शेहाताने मला गालात ढकलले. “वहिनी, मी...”

“जा म्हणते ना. चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेलाही येऊ नकोस. तो तुझ्यासाठी वीस वर्षं बाहेर उन्हात उभा राहिला, आणि तू आजसुद्धा आतूनच बोललास. पुन्हा माझ्या दारात आलास तर तोंड रिकामं करून ये.”

तो खाली आला. त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या गाडीवरचे उकडलेले वाल खाऊन राहिला. जिन्यावर तिची पावले वाजली की दार लोटून घेई. चाळिसावा झाला. तो वर गेला नाही. तोंड रिकामे करणे त्याला जमले नाही.

खेळ चालू होते. दुसरे काही येत नव्हते म्हणून चालू होते. बाहेर उभा करायला एक माणूस आणून पाहिला. तो अरागोजला प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत मोबाइलवर बोलून घ्यायचा. मग शेहाता एकटाच करू लागला. पण सलामाचे वाक्य जिथे यायचे, तिथे तो थांबे. सलामाला लागायचा तेवढाच वेळ, मोजून. प्रेक्षक चुळबुळत. आयांना कारण कळत नसे, पण त्या पोरांना जवळ ओढून घेत. आणि त्या थांब्यात, मी टाळूला असताना, कोणीही न फुंकता माझी फीत एकदा थरथरे. मला भुताखेतांतले काही कळत नाही. पण श्वास कोणाचा हे कळते. तो लसणाचा होता.

शेहातालाही ते जाणवत असावे. कारण तशा वेळी त्याचे गुडघे खोपटाच्या लाकडावर आपटत. दोन गोष्टी मात्र त्याने बंद केल्या. भुताचा खेळ करीनासा झाला. आणि मला दोरा बांधीनासा झाला. दोऱ्यावरून चिडवायला कोणी उरले नाही, त्यामुळे दोरा लक्षात राहीना.

वसंतात सीदी नुमेर यांचा उरूस आला. त्या उरुसात कोणी कुठे बसायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि ते मोडायचे तर प्रत्यक्ष सीदी नुमेरांनाच कबरीतून उठून यावे लागेल. खोपटाची जागा पाळण्याशेजारी, नगफाची जागा खोपटाशेजारी. ती आली, तिने गाडी लावली, दाण्यांवर लिंबू पिळले आणि आमच्याकडे पाठ करून बसली. खोपटाच्या कापडाला एक विरलेले भोक होते. शेहाता त्यातून तिच्या पाठीकडे पाहत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होते.

दुपारची नमाज होऊन ऊन कलले होते. त्याने सासू झोडपली, हवालदार झोडपला. लोक हसले, पण बसल्या जागी. मग मागून एक जाडा माणूस उसाच्या रसाचा पेला उंचावून ओरडला, “अरे भूत काढ की! सासू काय आमच्या घरीपण आहे!” पोरांनी उचलून धरले. “भूत! भूत! भूत!”

शेहाताने नको म्हणायला हवे होते. पण अरागोज नको म्हणत नाही. पेटीच्या तळाशी हात घालून त्याने भूत बाहेर काढले. डाव्या हातावर ते चढवताना तो थांबला. झग्याला अजून सलामाच्या घरच्या साबणाचा वास येत होता.

अरागोज दारात बसून गायला लागला. भूत मागून वर आले. पोरांनी श्वास रोखले.

“माझ्या मागं कोण आहे?” अरागोजने विचारले.

थांबा.

माझी फीत थरथरली. या वेळी एकदा नव्हे, तीनदा.

“भूत! मागे बघ! मार! मार!” पोरे ओरडली. अरागोजने काठी उचलली. खेळात इथे काठी खाली यायची. ती वरच राहिली. शेहाताच्या छातीतून एक मोठा हुंदका वर निघाला, मी खाली निघाले, आणि आमची वाटेत गाठ पडली. हुंदका मोठा होता. तरी मी खाली गेले.

पोटात अंधार होता, वाल होते, आणि सगळे ऐकू येत होते.

मग वर काडेपेटीसारखा एक खडखड आवाज. तो मी ओळखला. प्रत्येक बाहुलेवाल्याच्या खिशात डबी असते आणि डबीत दुसरी, सुटी अमाना असते. शेहाताची दुसरी माझ्यापेक्षा तरुण होती, आवाजही बरा होता, मी खोटे बोलणार नाही. ती तोंडात टाकली की खेळ पुढे चालू, भुताला चार काठ्या, टाळ्या, संपले. डबी उघडली. मला वाटले, झाले.

डबी बंद झाली.

“माझ्या मागं कोण आहे?”

मित्रांनो, हा कोणाचा आवाज ते मला आधी कळलेच नाही. खरखरीत, पडेल, मध्येच चिरफळणारा. चहावाल्याकडे साखर न मागणारा तो आवाज. बावीस वर्षे मी त्याच्या वाटेत बसले होते आणि तो मी कधी पुरता ऐकला नव्हता.

“अरागोजला सर्दी झाली!” एक पोरगी ओरडली.

“सर्दी कसली, बाहुलेवाल्याची शिट्टी हरवली,” जाडा म्हणाला. “बंद कर रे! हा काय खेळ झाला?”

बाके सरकली. सात-आठ माणसे उठून गेली, ती पावले मी मोजली. कोणीतरी भोपळ्याच्या बियांची सालपटे फेकली. उस्ता दसूकींचा पहिला नियम मोडला होता, आणि आत उभा असलेला माणूस भर उरुसात नागडा झाला होता. त्याचे काळीज माझ्या डोक्यावर पाळण्याच्या मोटारीसारखे धडधडत होते. तरी तो बोलत राहिला. काठी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तूच आहेस ना रे?” तो भुताला म्हणाला. “मी तुझ्यासाठी थांबतो. रोज. तू ‘काय म्हणतोस’ म्हणशील म्हणून. लोकांना वाटतं मी वाक्य विसरलो. मी विसरलो नाही. मला भीती वाटते. तू होतास तोवर मी आत लपलेला बरा होतो. आता आत मी एकटाच आहे, आणि मला... मला एक वाक्य बोलायचं होतं, ते मी नासवलं.”

कोणी हसले नाही. कोणी रडलेही नाही. पाळणा करकरत होता. हा खेळ आहे की आजार, ते लोकांना ठरवता येत नव्हते.

आणि मग शेजारून, हातगाडीच्या बाजूने, आवाज आला.

“काय म्हणतोस, अरागोज? मोठ्यानं बोल. नीट ऐकू नाही आलं.”

सलामाचे वाक्य. सलामाच्या ठेक्यात. दाणे मोजायचे पत्र्याचे माप तिने गाडीच्या कडेवर वाजवले, खंजिरीसारखे, दोनदा.

“म्हणतो,” शेहाता म्हणाला, “त्याचं उरलेलं आयुष्य तुझ्या वाट्याला येवो, वहिनी.”

तिने वेळ घेतला. सलामा घ्यायचा त्यापेक्षा जास्त.

“आणि तुझ्याही, शेहाता.” मग लगेच, नाक ओढून, “आता मार की त्या भुताला. पोरं ताटकळलीत.”

“मारवत नाही, वहिनी.”

“मग बसव त्याला. उभं काय ठेवलंयस? दमलेलं असेल. आणि हे घे, दाणे दे त्याला. मीठ कमी आहे, आजारात मीठ बंद होतं त्याचं.”

ती उठली, मूठभर दाणे खोपटाच्या फळीवर ठेवून गेली. अरागोज आणि भूत शेजारी शेजारी बसून दाणे खाऊ लागले. तेव्हा कुठे पहिले पोर हसले. मग बाकीची. जाडा माणूस, मला नंतर कळले, पेला हातात धरून उभ्याउभ्याच रडत होता आणि पाळणावाल्याला सांगत होता की डोळ्यात उसाचा रस उडाला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी परत जगात आले. नगफाने मला किटलीत तीनदा उकळले. ती किटली त्या घरात अजून चहाला वापरतात. उरुसातले बाहुलेवाले शेहाताच्या कपाळाचे मुके घ्यायला आले. आता तो उस्ता झाला होता. फक्त त्यांतला सर्वांत म्हातारा आला नाही. तो म्हणाला, “गिळली ते ठीक. पण नंतर बोलला कशाला?” तो मरेपर्यंत शेहाताशी बोलला नाही. त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने एक बाहुला त्या दिवशी मेला होता.

नगफा खंजिरी घेऊन बाहेर उभी राहू लागली. बाई बाहेर उभी राहते म्हणून लोक बोलले, मग ऐकायला थांबले, मग बोलायचे विसरले. प्रत्येक उरुसात शेहाता एक खेळ मला फळीवर ठेवून, रिकाम्या तोंडाने करी. सगळेच साधले असे नाही. स्वतःच्या गुडघेदुखीवर त्याने एकदा एक खेळ बसवला, तो इतका वाईट होता की मला फळीवरून खाली पडावेसे वाटले. पुढल्या वर्षी तो पुन्हा नवा घेऊन आला. त्याचा घसा दर वेळी तसाच चिरफळे आणि गुडघे दर वेळी तसेच लाकडावर आपटत. भीती गेली नाही. ती फक्त बाहेर येऊन बसली, भुताशेजारी.

भुताला पुन्हा कोणी मारले नाही. प्रत्येक खेळात त्याच्यासाठी फळीवर जागा असे आणि समोर दाणे. खेळ संपला की दाणे कमी झालेले दिसत. नगफा म्हणे चिमण्या खातात.

शेहाताला जाऊन आता नऊ वर्षे झाली. मला पुढे द्यायचे होते, पण पुढे हात करणारे कोणी मिळाले नाही. मग नगफाने मला रुमालात बांधून इथे आणून दिले. कारकुनाने विचारले, “हे काय आहे?” तिने सांगितले. त्याने लिहिले : शिट्टी.

दर वर्षी उरुसाच्या आदल्या आठवड्यात ती यायची. काठी टेकत, काळ्या कपड्यांत. कोटाला सलाम करायची, काचेला नाक लावायची आणि विचारायची, “काय म्हणतोस?” मग बाकावर बसून दहा मिनिटे थांबायची. गेली दोन वर्षे ती आलेली नाही.

दुपारी पंखा बंद असतो, खोलीत कोणी नसते, तेव्हा माझी फीत कधी कधी थरथरते. काचेच्या आत वारा येत नाही. कधी लसणाचा वास येतो. हल्ली त्यात लिंबाचाही येतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला घासूनपुसून चकचकीत करू नका, चिठ्ठीही दुरुस्त करू नका, कारकुनांना त्रास होईल. तुमच्यातल्या कोणाला मी हवी असेन तर न्या, आधी उकळून घ्या, आणि कधीतरी फळीवर काढून ठेवायला विसरू नका. आणि कोणी काही बोलू पाहत असेल, आवाज फाटत असेल, लोक बाके सरकवून उठत असतील, तर तुम्ही तेवढे बसून राहा. विचारा, काय म्हणतोस? मोठ्यानं बोल.

मग थांबा. उत्तराला वेळ लागतो.